मुलाचे नाव पोलिसात गेले तर: कुटुंब-उपचारांच्या कोणत्या पद्धतीचा किती उपयोग होतो?

झोप लागत नाही, बीपी वाढले आहे, छातीत धडधडते, अशी तक्रार घेऊन आई किंवा वडील दवाखान्यात येतात. तपासणी होते, गोळ्या लिहून होतात. मग दारापर्यंत जाऊन ते परत वळतात आणि हळूच सांगतात, "डॉक्टर, पोराचं नाव पोलिसात गेलंय." कधी मोबाईलची चोरी असते, कधी मारामारी, कधी दुसऱ्याची दुचाकी पळवणे, कधी गांजा. त्यानंतरचा प्रश्न बहुतेक वेळा ठरलेला असतो: "याच्यावर काही औषध आहे का? की याला कुठेतरी लांब ठेवू?"

गुन्हा थांबवणारी गोळी नाही. पण ज्या उपचारांचा जगभर चांगला अभ्यास झाला आहे, असे काही उपचार आहेत. त्यांत एकट्या मुलाला समोर बसवून उपदेश करत नाहीत, सगळ्या घराबरोबर काम करतात. या लेखात त्या उपचारांची तुलना केली आहे. कोणाचा उपयोग किती, कुठे झाला, कुठे झाला नाही आणि तुम्ही त्यातून काय घ्यावे, हे क्रमाने पाहू. सोयीसाठी 'मुलगा' असा शब्द वापरला आहे, पण मुलींनाही हे सारे लागू आहे.

थोडक्यात महत्त्वाचे

• कुटुंबाला धरून केलेले उपचार सरासरीने नेहमीच्या सेवेपेक्षा थोडे जास्त उपयोगी पडतात. फरक खरा आहे, पण मोठा नाही.
• प्रमुख पद्धतींपैकी एक दुसरीपेक्षा सरस आहे असे सिद्ध झालेले नाही.
• पद्धतीच्या नावापेक्षा ती किती नीट, किती नियमितपणे आणि किती प्रशिक्षित माणसाने राबवली, याला जास्त महत्त्व आहे.
• भीती घालणे, मारणे किंवा बिघडलेल्या मुलांच्या घोळक्यात ठेवणे यामुळे वागणूक सुधारण्याऐवजी बिघडू शकते.

चूक मुलाची, मग घरच्यांना का बोलावतात?

समुपदेशकाने आई-वडिलांनाही बोलावले की अनेकांना तो आरोप वाटतो. "म्हणजे आम्हीच वाईट का?" असे ते विचारतात. तसे नाही.

अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात जेराल्ड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञाने अनेक वर्षे कुटुंबांच्या घरी जाऊन रोजचे व्यवहार पाहिले. त्यांना एक चक्र पुन्हा पुन्हा दिसले. आई मुलाला एक काम सांगते. मुलगा ओरडतो. आई आवाज चढवते. मुलगा आणखी आरडाओरडा करतो, दार आपटतो. शेवटी थकून आई म्हणते, "जाऊ दे, नको करूस." त्या क्षणी घरात शांतता होते, म्हणून दोघांनाही सुटल्यासारखे वाटते. पण मुलगा यातून शिकतो की पुरेसा दंगा केला की माघार मिळते. दुसऱ्या दिवशी वडील पट्टा काढतात, मुलगा गप्प होतो, आणि वडील शिकतात की मारल्यावरच ऐकतो. हे चक्र कोणी मुद्दाम चालवत नाही. ते आपोआप घट्ट होत जाते.

घरात असे होऊ लागले की मुलगा घराबाहेर जास्त वेळ काढतो. शाळा सुटते, आणि ज्यांचेही घराशी व शाळेशी पटत नाही अशी मुले त्याला भेटतात. तो कुठे आहे, कोणाबरोबर आहे, हे घरी कोणालाच माहीत नसते. बहुतेक किशोरवयीन गुन्हे मित्रांच्या सोबतीने होतात. म्हणून घराची पकड परत आणणे आणि वाईट संगत कमी करणे, हे या सगळ्या उपचारांचे समान सूत्र आहे. घरच्यांना दोष देण्यासाठी बोलावत नाहीत. समुपदेशक आठवड्यातून तासभर भेटतो, तुम्ही रोज असता. म्हणून तुम्हाला बोलावतात.

पाच प्रमुख पद्धती

१. फंक्शनल फॅमिली थेरपी. जेम्स अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या सुमारास अमेरिकेतील युटा राज्यात ती सुरू केली. साधारण तीन ते पाच महिने, सुमारे बारा ते चौदा बैठका होतात. गंभीर प्रकरणात जास्त. सुरुवातीच्या बैठकांत नियम शिकवत नाहीत. आधी घरातली दोषारोपांची भाषा थांबवतात आणि सगळ्यांत थोडी आशा जागी करतात. मग बोलण्याची पद्धत, नियम, देखरेख यांवर काम होते. शेवटी हेच बदल शाळा, नातेवाईक आणि शेजार इथपर्यंत नेतात.

२. मल्टिसिस्टेमिक थेरपी. अमेरिकेतील स्कॉट हेंगलर यांनी विकसित केली. ही सर्वांत सघन पद्धत. एका थेरपिस्टकडे एका वेळी चार ते सहाच कुटुंबे असतात. तो घरी येतो, शाळेत जातो, आणि अडचणीच्या वेळी त्याच्या गटातील कोणीतरी दिवसरात्र फोनवर मिळते. कालावधी तीन ते पाच महिने. घर, शाळा, मित्र, वस्ती या सगळ्या बाजूंनी एकदम काम होते. अधिक गंभीर किंवा वारंवार गुन्हे करणाऱ्या मुलांसाठी ती बनवली आहे.

३. मल्टिडायमेन्शनल फॅमिली थेरपी. मायामीतील हॉवर्ड लिडल यांची पद्धत. व्यसन आणि गुन्हा दोन्ही असलेल्या किशोरांसाठी तिचा विशेष वापर होतो. मुलाशी स्वतंत्र, पालकांशी स्वतंत्र, दोघांशी एकत्र आणि शाळा किंवा न्यायालयाशी, असे चार पातळ्यांवर काम चालते.

४. ब्रीफ स्ट्रॅटेजिक फॅमिली थेरपी. होसे झापोच्निक यांनी १९७०च्या दशकात मायामीत आलेल्या क्यूबन निर्वासित कुटुंबांबरोबर काम करताना ती घडवली. परक्या देशात मुले लवकर तिथली होत होती, आई-वडील मागे राहत होते आणि घरात दोन पिढ्यांची ओढाताण चालू होती. साधारण बारा ते सोळा बैठका होतात. घरात कोण कोणाच्या बाजूने बोलतो, कोणाला वगळले जाते, हे पाहून ती घडी बदलण्यावर भर असतो.

५. उपचारात्मक पालक-कुटुंब. ओरेगॉनमध्ये पॅट्रिशिया चेंबरलेन यांनी १९८०च्या दशकात सुरू केलेली पद्धत. काही घरांत मुलाला लगेच ठेवणे शक्य नसते. अशा मुलाला संस्थेत न पाठवता, सहा ते नऊ महिने एका प्रशिक्षित कुटुंबात एकटे ठेवतात. चांगल्या वागण्याला रोज गुण मिळतात, देखरेख कडक असते, आणि त्याच काळात मुलाच्या स्वतःच्या घरच्यांनाही प्रशिक्षण देतात. उद्देश मुलाने घरी परतणे हाच असतो.

आकडे काय सांगतात?

सुरुवातीच्या अभ्यासांचे निकाल फारच आशादायक होते.

फंक्शनल फॅमिली थेरपीचा पहिला महत्त्वाचा अभ्यास १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. थेरपी घेतलेल्या मुलांपैकी सुमारे २६ टक्के मुले पुन्हा न्यायालयापुढे आली. कोणताही उपचार न मिळालेल्यांत हे प्रमाण सुमारे ५० टक्के होते. पुढे १९७७ मध्ये याच कुटुंबांतील भावंडांची माहिती प्रसिद्ध झाली. भावंडांमध्येही न्यायालयात जाण्याचे प्रमाण २० टक्के विरुद्ध ४० टक्के असे होते. घराची पद्धत बदलली तर धाकट्यालाही फायदा होतो, असा त्याचा अर्थ.

मल्टिसिस्टेमिक थेरपीचा अमेरिकेतील मिसुरी राज्यातील अभ्यास १९९५चा. त्यात १७६ मुले होती आणि बहुतेकांना आधी अनेकदा अटक झाली होती. चार वर्षांनी, थेरपी पूर्ण केलेल्यांपैकी सुमारे २२ टक्के मुलांना पुन्हा अटक झाली होती. एकट्या मुलाशी बोलण्याचा उपचार पूर्ण केलेल्यांत ते प्रमाण सुमारे ७१ टक्के होते. सुमारे चौदा वर्षांनी पुन्हा पाहिले, तेव्हाही ५० टक्के विरुद्ध ८१ टक्के असा फरक टिकून होता.

इथेच लेख संपवला असता तर तुम्हाला वाटले असते की उत्तर सापडले. पण नंतरचे, मोठे आणि स्वतंत्र अभ्यास पाहणे गरजेचे आहे.

• इंग्लंड, २०१८: ११ ते १७ वयाच्या मुलांच्या ६८४ कुटुंबांवर मल्टिसिस्टेमिक थेरपीचा मोठा अभ्यास झाला. दीड वर्षाने घराबाहेर ठेवावे लागलेल्या मुलांचे प्रमाण थेरपीच्या गटात १३ टक्के आणि नेहमीच्या सेवेच्या गटात ११ टक्के निघाले. म्हणजे फायदा दिसला नाही. पाच वर्षांनंतरच्या पाहणीतही गुन्ह्यांच्या बाबतीत फायदा आढळला नाही.
• इंग्लंड, २०१७: फंक्शनल फॅमिली थेरपीच्या १११ कुटुंबांवरील अभ्यासात दोन्ही गट पुष्कळ सुधारले, पण थेरपीचा गट पुढे गेला नाही.
• स्वीडन, २००८: १५६ मुलांवर मल्टिसिस्टेमिक थेरपीचा अभ्यास झाला. इथेही दोन्ही गट सुधारले, फरक नव्हता. शेजारच्या नॉर्वेत मात्र निकाल थेरपीच्या बाजूने होते.
• पाच युरोपीय शहरे, २०१३: ब्रुसेल्स, बर्लिन, पॅरिस, हेग आणि जिनिव्हा येथील गांजाचे व्यसन असलेल्या ४५० किशोरांच्या अभ्यासात मल्टिडायमेन्शनल फॅमिली थेरपी एकट्या मुलाच्या समुपदेशनापेक्षा सरस ठरली. मुले उपचारात टिकली आणि गांजावरचे अवलंबित्व जास्त कमी झाले.
• अमेरिका, २०११: ब्रीफ स्ट्रॅटेजिक फॅमिली थेरपीच्या ४८० किशोरांवरील अभ्यासात व्यसनाबाबत एकूण मोठा फरक दिसला नाही. पण कुटुंबे उपचाराशी जास्त जोडली गेली आणि घरातले संबंध सुधारल्याचे पालकांनी सांगितले.
• उपचारात्मक पालक-कुटुंब: ओरेगॉनच्या १९९८च्या अभ्यासात ७९ मुलगे होते. संस्थेत ठेवलेल्या मुलांपेक्षा कुटुंबात ठेवलेल्या मुलांनी नंतर कमी गुन्हे केले. इंग्लंडमधील २०१४च्या अभ्यासात सरसकट फायदा दिसला नाही. ज्यांचे वागणे मुळात जास्त समाजविरोधी होते त्यांनाच तो झाला.

पहिल्या चार पद्धतींची एकत्र तुलना २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात २४ अभ्यास घेतले होते. निष्कर्ष असा की कुटुंब-उपचार नेहमीच्या सेवेपेक्षा आणि इतर थेरपींपेक्षा थोडे सरस आहेत, पण या चारांपैकी कोण पहिला हे सांगता येत नाही.

'थोडे सरस' म्हणजे किती? अंदाज येण्यासाठी एक उदाहरण घेऊ. समजा नेहमीच्या सेवेत १०० पैकी ५० मुले पुन्हा गुन्हा करतात. इतक्या आकाराच्या फायद्याने ती संख्या साधारण चाळीसच्या आसपास येईल. म्हणजे नऊ-दहा मुले वाचली. त्या नऊ-दहा घरांसाठी हा फरक फार मोठा आहे. पण आपला मुलगा त्यांत असेलच, अशी खात्री कोणी देऊ शकत नाही. जो देतो त्याच्यापासून सावध राहा.

एकीकडे इतका फायदा, दुसरीकडे शून्य, असे का?

यामागे तीन कारणे आहेत. ती समजली तर समुपदेशक निवडताना तुम्हाला उपयोग होईल.

पहिले कारण, तुलना कशाशी केली. अमेरिकेतील जुन्या अभ्यासांत दुसऱ्या गटाला अनेकदा फारसे काही मिळत नव्हते. इंग्लंड आणि स्वीडनमध्ये नेहमीची सेवाच चांगली होती. तिथे समाजसेवक, शाळा आणि आरोग्यसेवा आधीपासून एकत्र काम करत होत्या. चांगल्या सेवेपेक्षा आणखी चांगले ठरणे अवघड असते. मल्टिसिस्टेमिक थेरपीच्या सर्व अभ्यासांचा २०२१चा आढावाही हेच दाखवतो: अमेरिकेत अटक आणि घराबाहेर ठेवणे कमी झाले, इतर श्रीमंत देशांत तसे दिसले नाही.

दुसरे कारण, अभ्यास कोणी केला. पद्धत शोधणाऱ्यांनी स्वतः, निवडक थेरपिस्ट घेऊन केलेल्या अभ्यासात निकाल जास्त चांगले येतात. रोजच्या सरकारी केंद्रात तेवढी निगराणी नसते.

तिसरे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे कारण, काम किती नीट झाले. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात फंक्शनल फॅमिली थेरपीची अशी पाहणी झाली. सगळे थेरपिस्ट एकत्र धरले तर फायदा दिसला नाही. पण जे थेरपिस्ट पद्धतीला धरून काम करत होते, त्यांच्याकडील मुलांमध्ये गंभीर गुन्हे सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हिंसक गुन्हे सुमारे ३० टक्क्यांनी कमी होते. जे मनमानी करत होते त्यांच्याकडील निकाल नेहमीच्या सेवेपेक्षाही वाईट होते. नाव एकच, पण परिणाम उलटा. औषध योग्य असूनही डोस चुकला तर गुण येत नाही, तसेच हे.

कोणत्या मुलासाठी काय?

• पहिलीच चूक आहे, घरात वाद आहेत, पण मुलगा शाळेत जातो: फंक्शनल फॅमिली थेरपी किंवा ब्रीफ स्ट्रॅटेजिक थेरपीसारख्या मर्यादित बैठकांचे काम बहुधा पुरे असते.
• गांजा, दारू किंवा इतर व्यसन सोबत आहे: मुलाशी आणि पालकांशी वेगवेगळे व एकत्र असे दोन्ही काम करणारी, मल्टिडायमेन्शनल धर्तीची पद्धत.
• वारंवार गुन्हे, शाळा सुटलेली, वस्तीतील टोळीशी संबंध: घर, शाळा आणि मित्र या सगळ्यांवर एकदम काम करणारी सघन पद्धत.
• घरात मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा कोणाच्या जिवाला धोका आहे: आधी सुरक्षितता, मग थेरपी. अशा घरात सगळ्यांना एकत्र बसवून बोलणे धोक्याचे ठरू शकते.

याआधी मुलाची वैद्यकीय तपासणी करून घ्या. अतिचंचलता, अध्ययन अक्षमता, नैराश्य, डोक्याला झालेली जुनी दुखापत, व्यसन, ऐकण्याचा किंवा दिसण्याचा दोष यांपैकी काही असेल तर त्यावरचा उपचार सोबत चालला पाहिजे. अक्षर वाचताच येत नाही म्हणून शाळा चुकवणाऱ्या मुलाला केवळ शिस्तीने शाळेत टिकवता येत नाही.

जे करू नये

घाबरवणे. १९७०च्या दशकात अमेरिकेतील न्यू जर्सीत मुलांना तुरुंगात नेऊन कैद्यांकडून दम देण्याचा कार्यक्रम खूप गाजला. नंतर अशा कार्यक्रमांचे नीट अभ्यास झाले, तेव्हा उलटेच आढळले. तुरुंग दाखवलेल्या मुलांनी न दाखवलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे केले. ओळखीच्या हवालदाराला सांगून "जरा दोन फटके द्या" म्हणणेही त्यातलेच.

घोळक्यात सुधारणा. बिघडलेल्या मुलांना एकत्र ठेवले की ती एकमेकांच्या कारनाम्यांवर हसतात, आणि ते हसू त्यांना शाबासकीसारखे वाटते. अशा गटांमुळे काही मुलांची वागणूक बिघडल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले आहे.

गावी पाठवून देणे. मामाकडे किंवा आजीकडे पाठवल्याने वाईट संगत तुटू शकते, हा खरा फायदा आहे. पण तिथे देखरेख नसेल, शाळा नसेल आणि मुलाला 'मला टाकून दिलं' असे वाटत असेल, तर परत आल्यावर चक्र तिथूनच सुरू होते.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे बाल न्याय अधिनियम २०१५ लागू आहे. १८ वर्षांखालील मुलाला आरोपी किंवा गुन्हेगार न म्हणता 'विधी संघर्षग्रस्त बालक' म्हणतात. त्याला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांत किमान एक महिला असते. १६ ते १८ वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल तर मंडळ त्याच्या मानसिक व शारीरिक क्षमतेचा प्राथमिक आढावा घेते आणि प्रकरण बाल न्यायालयाकडे जाऊ शकते.

पालकांसाठी यातल्या तीन गोष्टी महत्त्वाच्या.

एक, संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय, असे कायद्याचेच तत्त्व आहे. मुलाला आणि पालकांना समुपदेशन देऊन घरी पाठवणे, समूह समुपदेशन, समाजसेवा, परिवीक्षेवर सोडणे असे आदेश मंडळ देऊ शकते. तुम्ही कुटुंब समुपदेशनाला तयार आहात, हे मंडळासमोर स्वतःहून सांगा.

दोन, परिवीक्षा अधिकारी घरी येऊन सामाजिक तपासणी अहवाल तयार करतात. मुलगा पहिल्यांदा मंडळापुढे आल्यापासून पंधरा दिवसांत तो द्यायचा असतो. अनेक घरांत या वेळी "आमच्याकडे सगळं ठीक आहे" असे सांगितले जाते. वडिलांचे दारूचे व्यसन, घरातली भांडणे, आईची दोन पाळ्यांची नोकरी हे लपवले जाते. लाज वाटणे समजू शकते. पण याच अहवालावरून मदत ठरते. खरे सांगितले तर मदत योग्य जागी पोचते.

तीन, मुलाची ओळख वर्तमानपत्रात किंवा समाजमाध्यमांवर उघड करणे कायद्याने मना आहे. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही फोटो किंवा कागदपत्रे टाकू नका. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मदत मिळते.

समुपदेशकाला हे प्रश्न विचारा

वरच्या पद्धतींच्या नावाची पाटी शोधत बसू नका. त्यांची तत्त्वे वापरणारा माणूस शोधा. मेडिकल कॉलेजचा किंवा जिल्हा रुग्णालयाचा मनोविकार विभाग, बाल मार्गदर्शन केंद्र किंवा परिवीक्षा अधिकारी इथून सुरुवात करा. पहिल्या भेटीत विचारा:

१. तुम्ही फक्त मुलाला भेटणार की आम्हा सगळ्यांना?
२. कुटुंबाबरोबर काम करण्याचे प्रशिक्षण कुठे घेतले? तुमच्या कामावर कोणी ज्येष्ठ देखरेख करतात का?
३. किती बैठका, किती आठवडे? मधे अडचण आली तर फोन करू शकतो का?
४. शाळेशी तुम्ही बोलाल का?
५. सुधारणा होते आहे हे कशावरून ठरवायचे?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर 'हळूहळू कळेल' असे असेल तर आणखी विचारा. शाळेतील हजेरी, रात्री घरी येण्याची वेळ, नवीन तक्रारी, घरातल्या मोठ्या भांडणांची संख्या, हे मोजता येते.

घरी आजपासून काय करता येईल?

• नियम दोन-तीनच ठेवा, पण आई आणि वडील दोघांचे एकच. आजी-आजोबा घरात असतील तर त्यांनाही सांगा. एकाने नाही म्हणायचे आणि दुसऱ्याने गुपचूप पैसे द्यायचे, हे थांबले पाहिजे.
• कुठे, कोणाबरोबर, किती वाजता परत, हे तीन प्रश्न रोज, शांत आवाजात विचारा. त्याच्या मित्रांची आणि त्यांच्या पालकांची नावे व फोन नंबर माहीत करून घ्या.
• नियम मोडला तर शिक्षा छोटी, लगेच आणि आधी सांगितलेली असावी. उदाहरणार्थ, उद्या संध्याकाळी बाहेर जाणे बंद. महिनाभराची शिक्षा तुम्हीच पाळू शकणार नाही.
• तो वेळेवर आला तर तसे बोलून दाखवा. "आज वेळेवर आलास, बरं वाटलं," इतके पुरे.
• दिवसातून एक जेवण एकत्र घ्या आणि त्या वेळी पोलीस केस, मार्क आणि भावाशी तुलना हे तीन विषय बंद ठेवा.
• शिकवणी, कबड्डीचा संघ, गॅरेजमधले शिकाऊ काम, असे काहीतरी संध्याकाळच्या वेळेत लावा. रिकामी संध्याकाळ जुन्या मित्रांकडेच नेते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मुलगा समुपदेशनाला यायलाच तयार नाही. मग?
तुम्ही जा. मायामीत १०८ कुटुंबांवर झालेल्या १९८८च्या अभ्यासात घरच्यांना उपचारात आणण्यासाठी खास प्रयत्न केले गेले. त्या गटातील ९३ टक्के कुटुंबे आली, नेहमीच्या पद्धतीने बोलावलेल्यांत फक्त ४२ टक्के. नकार देणाऱ्याला कसे आणायचे, हे समुपदेशकाचे काम आहे. पालकांनी आपले वागणे बदलायला सुरुवात केली की मुलाचा विरोधही अनेकदा कमी होतो.

वडील येत नाहीत.
आई आणि घरातला दुसरा एखादा जबाबदार माणूस, मामा, काका किंवा आजी, यांच्यावरही काम सुरू करता येते. वडिलांसाठी संध्याकाळची किंवा सुटीच्या दिवसाची वेळ मागा. पुष्कळदा अडचण इच्छेची नसून खाड्याची असते.

फरक किती दिवसांत दिसतो?
साधारण तीन ते पाच महिन्यांचे काम धरा. सुरुवातीला नियम घट्ट झाल्यावर काही दिवस मुलगा जास्तच चिडतो. याच टप्प्यावर बरीच घरे उपचार सोडतात. त्या आठवड्यात समुपदेशकाला जास्त वेळा भेटा.

पुन्हा चूक केली तर सगळे फुकट गेले का?
नाही. चांगले उपचार मिळालेल्यांतही काही मुले पुन्हा चुकतात, हे वरच्या आकड्यांवरून दिसलेच. आधीपेक्षा कमी वेळा, कमी गंभीर आणि जास्त अंतराने होत असेल तर दिशा बरोबर आहे.

तातडीने मदत कधी घ्यावी?

मुलगा जीव देण्याची भाषा करत असेल, स्वतःला इजा करत असेल, घरात शस्त्र आणले असेल, नशेत शुद्ध हरपत असेल, घरातून निघून गेला असेल किंवा कोणाला मारून टाकण्याची धमकी देत असेल, तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका. जवळच्या रुग्णालयात न्या किंवा ११२ वर फोन करा. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेलिमानस १४४१६ आणि मुलांसाठी चाइल्डलाइन १०९८ हे क्रमांक मोफत आहेत.

आणि स्वतःचीही तपासणी करून घ्या. मुलाच्या धावपळीत बीपी-शुगरच्या गोळ्या चुकतात, झोप जाते, चिडचिड वाढते. या सगळ्या उपचारांत रोजचे काम तुम्हालाच करायचे आहे, त्यासाठी तुमची तब्येत ठीक हवी. पुढच्या वेळी दवाखान्यात याल तेव्हा ही गोष्ट दाराशी जाऊन सांगू नका. बसल्याबरोबर सांगा, म्हणजे आपल्याला पुरेसा वेळ मिळेल.

(ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. तुमच्या मुलाच्या उपचारांबाबत मनोविकारतज्ज्ञ किंवा प्रशिक्षित समुपदेशक आणि कायदेशीर बाबींसाठी वकील यांचा सल्ला घ्या.)